गटाने केलेला गटाचा अभ्यास: सहकार्याच्या तंत्रज्ञानावरचा विद्यार्थी-प्रकल्प

तिघं जण एकच दस्तऐवज उघडून बसले आहेत. एक जण तिसरा परिच्छेद दुरुस्त करतोय. दुसऱ्याला तो परिच्छेद अनावश्यक वाटतो, म्हणून तो पुसून टाकतो. तिसरी व्यक्ती त्याच परिच्छेदाचा आधार घेऊन खाली निष्कर्ष लिहितेय. सॉफ्टवेअरने प्रत्येकाचं म्हणणं अचूक पाळलं, तरी काम बिघडलं. कोण काय करतंय हे बाकीच्यांना कळायला हवं होतं आणि ते कळलं नाही, बिघाड तिथे आहे. सहकार्याच्या तंत्रज्ञानाची रचना शिकवणारा विद्यापीठातला अभ्यासक्रम याच जागेबद्दल असतो. त्यातला गटप्रकल्प म्हणजे अशी एखादी जागा निवडून सत्रभरात तिचा नीट अभ्यास करणं.

विषय तसा जुना आहे. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत संगणक-संशोधक डग्लस एंगेलबार्ट यांनी सुमारे दीड तासाचं प्रात्यक्षिक दिलं. त्यात माऊस तर होताच, पण मेन्लो पार्कमध्ये, म्हणजे दुसऱ्या शहरात, बसलेल्या सहकाऱ्याबरोबर त्यांनी एकाच पडद्यावर, एकमेकांचे चेहरे पाहत कामही करून दाखवलं. १९८४ मध्ये आयरीन ग्रीफ आणि पॉल कॅशमन यांनी एक कार्यशाळा घेतली आणि 'संगणकाच्या आधाराने चालणारं सहकार्य' या अर्थाचं नाव या अभ्यासाला मिळालं. संगणकशास्त्रज्ञ, समाजशास्त्रज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ त्यात एकत्र आले. त्यामुळेच या प्रकल्पात नुसता प्रोग्रॅम लिहून भागत नाही आणि नुसत्या मुलाखती घेऊनही भागत नाही.

प्रश्न लहान करणं

बहुतेक गट पहिल्या आठवड्यात 'ऑनलाइन बैठका कशा सुधारता येतील' असं काहीतरी लिहून आणतात. हा प्रश्न नाही, इच्छा आहे. तिचा प्रश्न करायचा तर आधी चार गोष्टी ठरवाव्या लागतात: माणसं किती, एकत्र आहेत की दूर, एकाच वेळी काम करतात की आपापल्या वेळेने, आणि त्यांच्यामधली नेमकी कोणती गोष्ट बदलायची. वेळ आणि जागा यांची ही विभागणी १९८८ मध्ये रॉबर्ट जोहान्सन यांनी चार खणांच्या तक्त्यात मांडली होती. तक्ता साधा आहे, पण प्रकल्प कोणत्या खणात बसतो हे सांगता आलं नाही तर प्रश्न अजून तयार नाही असं खुशाल समजावं.

दुसरी कसोटी जोनाथन ग्रुडिन यांची, तीही १९८८ ची. सामूहिक कॅलेंडरं का फसतात याचं त्यांनी दिलेलं कारण असं: कॅलेंडर भरण्याचे कष्ट सगळ्यांनी घ्यायचे आणि फायदा मात्र बैठक ठरवणाऱ्याला. ज्याला फायदा नाही तो भरत नाही. थोड्यांनी जरी भरलं नाही तरी कॅलेंडर भरवशाचं राहत नाही, मग उरलेलेही सोडून देतात. म्हणून कागदावर दोन रकाने करावेत, 'जास्तीचं काम कोणाला' आणि 'फायदा कोणाला', आणि आपल्या कल्पनेतल्या प्रत्येक भूमिकेसाठी ते भरावेत. दोन्ही रकान्यांत वेगवेगळी माणसं आली, तर संशोधनाचा विषय तिथेच सापडतो.

पुढच्या विवेचनासाठी एक नमुन्याचा प्रश्न धरू: तीन जणांच्या दूरस्थ गटाला चॅटच्या जोडीला एक सामायिक टिपणफलक दिला, तर प्रत्येकाकडे असलेली वेगळी माहिती जास्त प्रमाणात बाहेर येते का? हा प्रश्न तासाभराच्या सत्रात तपासता येतो. उत्तर 'नाही' आलं तरी ते सांगण्यासारखं आहे, आणि प्रश्न निवडताना हे दुसरं आम्ही जास्त महत्त्वाचं मानतो. ज्याचं एकच उत्तर आपल्याला चालणार आहे, तो प्रश्न नकोच.

कामगिरी कोणती द्यायची

सहभागींना 'या विषयावर चर्चा करा' असं सांगितलं की ते सौजन्याने गप्पा मारतात आणि मोजण्यासारखं काही हाती येत नाही. एकमेकांची गरज भासेल अशीच कामगिरी हवी. आपल्या प्रश्नासाठी 'दडलेल्या माहितीची' कामगिरी चपखल बसते. १९८५ मध्ये स्टॅसर आणि टायटस यांनी दाखवलं की गट चर्चेत सगळ्यांना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टीच घोळवत बसतो आणि एकेकट्याकडे असलेली माहिती मागे राहते.

ती रचायची अशी. दोन पर्याय घ्या, 'अ' आणि 'ब'. 'अ'चे ६ गुण आणि ३ दोष, 'ब'चे ४ गुण आणि ३ दोष. 'ब'ची सगळी माहिती आणि 'अ'चे तिन्ही दोष तिघांनाही द्या. 'अ'चे ६ गुण मात्र प्रत्येकाला दोन दोन, वेगवेगळे, वाटून द्या. आता प्रत्येकाच्या कागदावर 'अ'चे २ गुण आणि ३ दोष दिसतात, म्हणून 'ब' सरस वाटतो. तिघांनी आपापलं सगळं सांगितलं तरच 'अ' चांगला हे उघड होतं. सगळ्या मुद्द्यांचं वजन साधारण सारखं असायला हवं. त्यासाठी प्रयोगात नसलेल्या पाचसहा जणांकडून प्रत्येक मुद्द्याच्या वजनाला १ ते ७ यांतला आकडा द्यायला सांगा आणि फार वर किंवा फार खाली जाणारे मुद्दे बदला. हे टाळलं तर एखादाच जोरदार दोष सगळा निकाल ठरवून टाकतो आणि टिपणफलकाचा परिणाम दिसतच नाही.

काय मोजायचं? 'गटाने अ निवडला का' हे सगळ्यात आधी सुचतं, पण ते सगळ्यात दुबळं माप आहे. एका गटामागे एक होय किंवा नाही, एवढंच मिळतं. फलक असलेल्या ६ गटांपैकी ४ बरोबर आणि नसलेल्या ६ पैकी २ बरोबर, एवढा फरक निव्वळ योगायोगानेही सहज पडतो. त्यापेक्षा दडलेल्या ६ मुद्द्यांपैकी किती मुद्दे बोलण्यात किंवा फलकावर आले, पहिला मुद्दा कितव्या मिनिटाला आला, आणि एकदा आल्यावर दुसऱ्या कोणी तो उचलला का, हे मोजा. तिसरं माप फार बोलकं असतं. मुद्दा फलकावर लिहिला जाणं आणि तो वाचला जाणं यांत मोठं अंतर आहे.

गणित, जे उशिरा कळतं

१२ गट, प्रत्येकी ३ जण, म्हणजे ३६ सहभागी. विश्लेषणात मात्र संख्या १२ च. एका गटातल्या तिघांची वागणूक एकमेकांवर अवलंबून असते. एक जण बडबड्या निघाला की बाकी दोघं गप्प होतात. त्यांना तीन स्वतंत्र नोंदी मानून ३६ चा हिशेब केला तर नसलेला फरकही 'लक्षणीय', म्हणजे योगायोगाने न पडलेला, दिसू लागतो. विद्यार्थ्यांच्या अहवालांत सर्वांत जास्त आढळणारी चूक हीच. सोपा उपाय म्हणजे प्रत्येक गटाची सरासरी घेऊन १२ आकड्यांवर काम करणं. संख्याशास्त्र येत असेल तर व्यक्ती गटात आणि गट प्रयोगात बसलेले धरणारी मिश्र प्रतिमानं वापरता येतात.

त्याच गटाला फलकासह आणि फलकाशिवाय असं दोनदा बसवलं तर निम्म्या गटांत भागेल, हा विचार मोहात पाडतो. काही कामगिऱ्यांना तो चालतोही, मात्र निम्म्या गटांना आधी फलक आणि निम्म्यांना नंतर द्यायचा आणि दोन तुल्यबळ कामगिऱ्या तयार ठेवायच्या. दडलेल्या माहितीला तो चालत नाही. प्रत्येकाकडे वेगळं काहीतरी आहे हे गुपित पहिल्याच फेरीत फुटतं, आणि दुसऱ्या फेरीत गट पहिलं वाक्यच म्हणतो, 'चला, आपापल्याकडचं सगळं सांगा.' इथे वेगळे गटच हवेत.

आता माणसं जमवण्याचं गणित. बोलावलेल्यापैकी प्रत्येक जण येण्याची शक्यता ८५ टक्के धरली, तर तिघंही येण्याची शक्यता ०.८५ × ०.८५ × ०.८५, म्हणजे ६१ टक्केच. बारा पूर्ण गटांसाठी वीसेक सत्रं ठरवावी लागतील. त्याऐवजी प्रत्येक सत्राला चौघांना बोलावलं, तर किमान तिघं येण्याची शक्यता ८९ टक्क्यांवर जाते. चौथ्याला परत पाठवावं लागलं तर त्यालाही ठरलेला मोबदला पूर्ण द्यावा. तो वेळेवर आला होता.

एक सत्र मिनिटांत मांडू: स्वागत आणि संमती ५, सराव ५, कामगिरी २५, प्रश्नावली ५, गटाशी बोलणं १५. एकूण ५५. आधी मांडामांड १५ आणि नंतर फाइली जतन करणं १५ मिळवले की ८५ मिनिटं. बारा गटांचे १७ तास. प्रत्येक सत्राला दोन संशोधक लागतात, एक सूचना वाचणारा आणि एक यंत्रणा सांभाळणारा. म्हणजे ३४ मनुष्यतास, आणि विश्लेषण अजून सुरूही झालेलं नाही.

किती बांधायचं

कमीत कमी. पाचव्या आठवड्यात लॉगिनचा पडदा रंगवत बसलेला गट दहाव्या आठवड्यात सहभागी शोधत असतो. टिपणफलक म्हणून तयार मिळणारं सामायिक पान वापरता येतं. एखादी गोष्ट आपोआप घडते असं दाखवायचं असेल, उदाहरणार्थ फलकावरच्या टिपा आपोआप गटवार लागतात, तर पडद्याआड बसलेला एक संशोधक ती हाताने करू शकतो. ही जुनी आणि मान्य पद्धत आहे. मात्र त्या माणसाने काय, किती सेकंदांत आणि कोणत्या नियमाने करायचं हे लिहून ठेवावं लागतं. नाहीतर बारा गटांना बारा वेगळी यंत्रं मिळतात.

स्वतः सामायिक संपादक लिहायचाच असेल तर एक खड्डा ओळखून ठेवा. पडद्यावर 'अबकड' आहे. पहिल्याने सुरुवातीला 'ग' घातला आणि त्याच क्षणी दुसऱ्याने तिसरं अक्षर, म्हणजे 'क', पुसलं. 'तिसरं अक्षर पुसा' ही आज्ञा पहिल्याच्या संगणकावर पोहोचते तेव्हा तिथे 'गअबकड' झालेलं असतं, आणि तिसरं अक्षर आता 'ब' आहे. चुकीचं अक्षर जातं आणि दोन पडद्यांवर दोन वेगळे मजकूर उरतात. आधी घडलेल्या बदलानुसार आज्ञा सरकवून घेण्याची पद्धत १९८९ मध्ये एलिस आणि गिब्स यांनी मांडली. ती स्वतः लिहायला घेऊ नका, तयार लायब्ररी, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेला प्रोग्रॅमचा भाग, वापरा. 'एका वेळी एकानेच लिहायचं' असं कुलूप लावणं सोपं वाटतं, पण मग माणसं वाट पाहू लागतात, पाळी मागू लागतात, आणि आपण भलत्याच गोष्टीचा अभ्यास करत असतो.

नोंदींच्या फाइलीत प्रत्येक घटनेमागे चार गोष्टी पुरतात: वेळ, गट क्रमांक, सहभागी क्रमांक, कृती. वेळ सर्व्हरचीच घ्या. प्रत्येकाच्या संगणकाचं घड्याळ दोनतीन सेकंद मागेपुढे असतं. तेवढ्यानेही 'आधी वाचलं, मग लिहिलं' असा उलटा क्रम नोंदला जातो. व्हिडिओ आणि नोंदी जुळवण्यासाठी सुरुवातीला सगळ्यांच्या पडद्यावर एक ठळक खूण झळकवा आणि त्याच वेळी आवाज करा. आवाज प्रत्येकाचा स्वतंत्र ट्रॅकवर ध्वनिमुद्रित करा. एकाच फाइलीत तिघं एकदम बोलले की कोण काय म्हणालं हे नंतर कोणालाही सांगता येत नाही. दूर असल्याचा आभास करण्यासाठी तिघांना शेजारशेजारच्या खोल्यांत बसवणार असाल, तर भिंतीपलीकडचं ऐकू येत नाही ना, हे आधी मोठ्याने बोलून तपासा. जोडणीचा विलंबही नोंदवा. एका दिशेने १५० मिलिसेकंदांपुढे गेला की संभाषणात माणसं एकमेकांवर आदळू लागतात, आणि तो दोष तुमच्या रचनेच्या माथी येतो.

प्रयोगाऐवजी निरीक्षण

प्रत्येक प्रकल्पाला प्रयोग हवाच असं नाही. या विषयातलं फार मोलाचं ज्ञान माणसांच्या कामाजवळ बसून मिळालेलं आहे. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या नियंत्रण कक्षाचा अभ्यास करताना हीथ आणि लफ यांना दिसलं की शेजारचा सहकारी फोनवर काय बोलतोय हे कर्मचारी हातातलं काम न सोडता ऐकत असतात, आणि न सांगता आपली पुढची कृती त्याला जुळवून घेतात. प्रत्येकाला वेगळी खोली आणि हेडफोन देणारी 'सुधारणा' हे सगळं मोडून टाकेल, हे प्रश्नावलीने कधीच कळलं नसतं.

मुलाखतीत 'तुम्ही सहसा काम कसं वाटून घेता?' असं विचारलं की नियमपुस्तिकेतलं उत्तर मिळतं. 'शेवटच्या वेळी काम वाटून घेतलं तेव्हा आधी कोणी काय लिहिलं? तो मेसेज दाखवता येईल का?' असं विचारलं की खरं काम दिसू लागतं. एका तासाची मुलाखत हाताने उतरवायला चार ते सहा तास लागतात. यंत्राने उतरवली तरी कोण बोललं, हे तपासावंच लागतं.

उतरवलेल्या मजकुराला लेबलं लावताना दोघांनी काही भाग स्वतंत्रपणे करून ताडून पाहावा. इथे नुसत्या टक्क्यांवर विसंबू नका. समजा १०० वाक्यांपैकी ८० वाक्यांवर दोघांचं जुळलं, आणि दोघांनीही ८५ वाक्यांना 'मतभेद नाही' आणि उरलेल्या १५ ना 'मतभेद' हे लेबल दिलं होतं. डोळे मिटून त्याच प्रमाणात लेबलं लावली असती तरी ०.८५ × ०.८५ अधिक ०.१५ × ०.१५, म्हणजे ७४.५ टक्के जुळलं असतं. योगायोगाने होणारी जुळणी वगळून खरी जुळणी मोजणारा आकडा, म्हणजे कोहेनचा 'कापा' (kappa), काढला तर तो सुमारे ०.२२ येतो, म्हणजे जुळणी अगदी कमकुवत. अशा वेळी आकडा सुधारायच्या मागे न लागता जिथे मतं फुटली ती २० वाक्यं समोर ठेवून बोला. 'मतभेद' या शब्दाचे दोघांच्या मनात दोन अर्थ असतात, आणि ते वेगळे करताना बहुधा प्रकल्पातला सगळ्यात चांगला विचार सापडतो.

संमती, गटाची

संशोधनात सहभागींना अपाय होत नाही ना हे तपासणाऱ्या नीतिसमितीचा अर्ज तिसऱ्या आठवड्यातच द्यायला हवा, कारण दुरुस्त्या येतात आणि मंजुरीशिवाय एकही सत्र घेता येत नाही. गटाच्या अभ्यासात काही प्रश्न एकेकट्याच्या अभ्यासाहून वेगळे पडतात. मधेच एकाने माघार घेतली तर बाकी दोघांच्या ध्वनिमुद्रणाचं काय? त्यात त्याचाही आवाज आहे. याचं उत्तर संमतीपत्रात आधीच लिहिलेलं हवं. अहवालात नाव बदलून उद्धृत केलेलं वाक्य बाहेरच्याला ओळखू येणार नाही, पण त्याच गटातल्या दुसऱ्याला लगेच ओळखू येतं. 'आमचा प्रमुख कोणाचं ऐकत नाही' असं वाक्य तर बोलणाऱ्याला अडचणीतच आणेल. म्हणून सहकाऱ्यांबद्दलचे प्रश्न गटासमोर न विचारता प्रत्येकाला एकेकट्याने विचारावेत. पडद्याआड माणूस बसवला असेल किंवा माहिती मुद्दाम वाटून दिली असेल, तर सत्र संपताच ते सांगणं बंधनकारक समजा.

संशोधक गटाचं स्वतःचं सहकार्य

चौघांच्या गटात एकमेकांना जोडणारे ६ दुवे असतात, सहा जणांच्या गटात १५. म्हणून चार ही संख्या बरी. सहा जणांत कामं तुकड्यांत वाटली जातात: तू प्रस्तावना, तू सत्रं, तू आकडे. मग आकडे हाताळणाऱ्याने एकही सत्र पाहिलेलं नसतं. सातव्या गटाच्या नोंदीत सहा मिनिटांची शांतता का आहे हे त्याला कळत नाही. ती जोडणी तुटल्यामुळे होती, विचारमग्नतेमुळे नव्हे. प्रत्येक सभासदाने किमान दोन सत्रांना हजर राहावं, हा नियम आम्ही सोडणार नाही.

निर्णयांची एक वही ठेवा: तारीख, काय ठरलं, का ठरलं, काय नाकारलं. अहवालाचा पद्धती-विभाग लिहिताना हीच वही उपयोगी पडते, कारण गट तिघांचाच का घेतला हे नवव्या आठवड्यात कोणालाच आठवत नसतं.

गुणांची पद्धत हाही रचनेचाच प्रश्न आहे. १९९२ मध्ये वांडा ऑर्लिकोव्स्की यांनी एका मोठ्या सल्लागार संस्थेत नवं सामूहिक सॉफ्टवेअर आलं तेव्हाचा अभ्यास प्रसिद्ध केला. बढती वैयक्तिक कामगिरीवर मिळत होती, म्हणून आपलं ज्ञान इतरांसाठी टाकायला लोक तयार नव्हते. सॉफ्टवेअर सगळ्यांच्या टेबलावर पोहोचलं, देवाणघेवाण मात्र फारशी झाली नाही. अभ्यासक्रमातही सगळे गुण गटाला दिले तर एखादा मागे राहून तरून जातो, आणि सगळे गुण वैयक्तिक दिले तर कोणी कोणाचा मसुदा वाचत नाही. परस्पर मूल्यमापन शैक्षणिक सत्राच्या मध्यावर एकदा घेणं उपयोगी ठरतं, तेव्हा सुधारायला वेळ असतो. शेवटी घेतलेलं मूल्यमापन फक्त तक्रार नोंदवतं.

चौदा आठवड्यांचं सत्र धरलं तर सहाव्या आठवड्यात चाचणीफेरी व्हायला हवी, खऱ्या तीन अनोळखी माणसांवर. वर्गातल्या मित्रांवर घेतलेली फेरी फसवते, कारण न समजलेली सूचनाही मित्र समजून घेतात. चाचणीफेरीत काय मोडतं ते जवळजवळ ठरलेलं आहे: सूचना फार लांब असतात, कामगिरी ठरल्या वेळेच्या निम्म्या किंवा दुप्पट वेळात संपते, आणि एखादा ट्रॅक मुका निघतो. तिच्यातली माहिती मुख्य निकालात मिसळू नका. सत्रं दहाव्या आठवड्यात थांबवा, गट नऊच झाले असले तरी. नऊ गटांचं नीट केलेलं विश्लेषण बारा गटांच्या घाईतल्या आलेखांपेक्षा कितीतरी जास्त सांगतं.

अहवालात 'सिद्ध झालं' हे शब्द नकोत. किती गट बोलावले, किती पूर्ण झाले, कोणते वगळले आणि का, हे पहिल्याच तक्त्यात यावं. सरासरीबरोबर प्रत्येक गटाचा ठिपका आलेखावर दाखवावा. बारा ठिपके डोळ्यांना दिसतात आणि एखादाच गट सरासरी ओढतोय का, हेही दिसतं. परिशिष्टात माहितीची तिन्ही कार्डं, शब्दशः वाचलेल्या सूचना, लेबलांची व्याख्या आणि पडद्याआडच्या माणसाचे नियम द्यावेत, म्हणजे पुढच्या वर्षीच्या गटाला हाच प्रयोग चौघांच्या गटावर किंवा वेगवेगळ्या वेळी काम करणाऱ्यांवर करून पाहता येईल.